औषधविक्रेत्याचा धर्म

वकील, वैद्य, शिक्षक व न्यायाधीश यांच्या व्यवसायाचा धर्म कोणता, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु औषधें विकणाऱ्याचा धर्म कोणता, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. याचें कारण उघड आहे. वैद्याला आपण विद्वान समजतों आणि औषधवाल्याला दुकानदार समजतों. दुकानदाराचा धर्म म्हणजे माप खरें, माल चोख व भाव वाजवी. याहून अधिक त्याच्याकडून कोणी अपेक्षीत नाहीं. गूळ घेतांना तो कोण खाणार व कशासाठीं, असें वाणी विचारूं लागला तर आपण त्याला आगाऊ म्हणूं. मग औषधवाल्यानेंच तें कां विचारावें? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नांत एक मोठा नैतिक पेंच आहे, असें आमचें मत आहे. आणि तो सर्वांत अधिक उघडा पडतो तो शरीरांतील अंतःस्रावांवर, म्हणजे ज्यांना हल्लीं संप्रेरकें किंवा हार्मोन्स म्हणतात त्यांवर, काम करणाऱ्या औषधांच्या बाबतींत.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून तो एका ठिकाणीं बसवून पाहूं. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतील केनवड हें गांव घ्या. वऱ्हाडांतल्या अशा गांवीं भाद्रपदांतल्या महालक्ष्म्या म्हणजे घरोघरीं प्रतिष्ठेचा प्रसंग. ज्येष्ठा-कनिष्ठा तीन दिवस घरीं येतात. सोंवळ्यांतला स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सवाष्णींचें जेवण, सारें घरच्या बायकांच्या हातून व्हावयाचें. समजा, सणाच्या चारपांच दिवस अगोदर एक सासू व तिची सून, लोक ज्याला नुसतें ‘मेडिकल’ म्हणतात अशा दुकानापुढें उभ्या आहेत. ऐन सणांत सुनेची अडचण येऊं नये म्हणून सासू पाळी लांबविण्याच्या गोळ्या मागते. सून हलक्या आवाजांत म्हणते कीं, मागच्या वेळीं या गोळ्यांनीं मळमळलें, डोकें चढलें व नंतर रक्त फार गेलें. या वेळीं नको. सासू म्हणते, त्यांत काय एवढें, गांवांतल्या साऱ्याच घेतात. इतक्यांत मागें उभी असलेली तिसरी बाई आपला अनुभव सांगते: आपण दरसाल घेतों, आपल्याला कधीं कांहीं झालें नाहीं. प्रसंग आम्हीं कल्पिला आहे. परंतु महाराष्ट्रांतील कोणत्याही औषधवाल्याला तो ओळखीचा वाटेल. तीन बायका, तीन मतें आणि औषध एकच. काउंटरापलीकडच्या माणसानें काय करावें?

प्रथम तें औषध काय आहे तें पाहूं. त्याचें नांव नॉरएथिस्टेरोन. १९५१ सालीं मेक्सिको देशांत, तेथील रानांतल्या एका कंदापासून मिळणाऱ्या द्रव्यावर प्रयोग करतां करतां रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रथम तयार केलें. स्त्रीच्या शरीरांत प्रोजेस्टेरोन नांवाचा जो स्राव उत्पन्न होतो त्याची ही नक्कल आहे. गर्भाशयाचें अस्तर धरून ठेवणें हें त्या स्रावाचें काम. तो ओसरला कीं अस्तर गळतें व पाळी येते. म्हणून पाळीच्या अपेक्षित दिवसाच्या सुमारें तीन दिवस आधींपासून पांच मिलिग्रॅमची गोळी दिवसांतून तीन वेळां घेतली, तर घेणें चालू आहे तोंवर पाळी बहुधा थांबते, आणि बंद केल्यावर दोनतीन दिवसांनीं येते. अतिरक्तस्राव व अनियमित पाळी यांवरही हें औषध उपयोगी पडतें. निरोगी तरुण स्त्रीनें तें थोडे दिवस घेतल्यास बहुधा मोठा अपाय होत नाहीं. ही गोष्ट भीति घालण्याकरितां लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु जिच्या पायाच्या शिरेंत किंवा फुप्फुसांत पूर्वीं रक्ताची गुठळी झाली आहे, जिला यकृताचा विकार किंवा स्तनाचा कर्करोग आहे, जिच्या रक्तस्रावाचें कारण कळलेलें नाहीं, किंवा जिला दिवस गेल्याची शंका आहे, तिनें तें घेऊं नये. कारण एवढ्या मात्रेंत या औषधाचा कांहीं अंश शरीरांत इस्ट्रोजेन जातीच्या द्रव्यांत पालटतो, आणि त्या द्रव्यानें रक्त गोठण्याकडे झुकतें. क्षयावरचें रिफॅम्पिसिन चालू असेल तर या गोळीचा गुण कमी होतो. शिवाय गोळ्या चालू असतां गर्भ राहत नाहीं, हा समज या प्रकारें घेतलेल्या गोळ्यांबाबत खोटा आहे. या सर्व कारणांमुळें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून हें औषध विकण्यास कायद्याची मनाई आहे. मनाई असूनही त्याची विक्री कशी होते, हें सांगण्याची गरज नाहीं.

आतां औषधवाल्यापुढें तीन मार्ग दिसतात, आणि प्रत्येकाचे पुरस्कर्ते आहेत. पहिला मार्ग दुकानदाराचा. मागणाऱ्याला हवें तें द्यावें, पैसे घ्यावे, आणि घरच्या भानगडींत पडूं नये. या मताचा दोष असा कीं तें औषधाला गुळाच्या पंक्तीला बसवतें. गूळ खारट कीं गोड हें घेणारा जिभेवर ठेवून ठरवूं शकतो. गोळीच्या पोटांत काय आहे हें घेणाऱ्याला कोणत्याही इंद्रियानें कळत नाहीं. जेथें घेणारा आंधळा आहे तेथें देणाऱ्यानें डोळस असलेंच पाहिजे. आपल्या देशांत ही गोष्ट उमगण्यास वेळ लागला. बाजारांत निकृष्ट व बनावट औषधांचा सुळसुळाट झाल्यामुळें १९३० सालीं कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली गेली; तिच्या शिफारशींतून पुढें १९४० चा औषधांचा कायदा, १९४५ चे नियम व १९४८ चा फार्मसी कायदा हे झाले. त्यांचें तात्पर्य हेंच कीं औषधें विकावयाचीं तीं शिकलेल्या व नोंदलेल्या माणसाच्या देखरेखीखालींच. २०१५ च्या नियमावलीनें रोग्याला औषधाची माहिती समजावून देणें व त्याचें गुपित राखणें हींही फार्मासिस्टचीं कर्तव्यें ठरविलीं. म्हणजे औषधवाला नुसता वाणी नव्हे, हा निकाल समाजानें पूर्वींच दिला आहे; त्याचा अंमल मात्र सर्वत्र झालेला नाहीं. भिंतीवर एकाचें प्रमाणपत्र टांगलेलें आणि गल्ल्यावर दुसराच बसलेला, हा देखावा महाराष्ट्रांत इतका रुळला होता कीं, २०१२-१३ च्या सुमारास औषध प्रशासनानें फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला, तेव्हां औषधविक्रेत्यांच्या संघटनांनीं दुकानें बंद ठेवून विरोध केला. कागद सही करूं शकेल, पण सुनेच्या चेहऱ्याकडे पाहूं शकणार नाहीं. म्हणून माणूस हजर हवा.

या मार्गाचे लोक आणखी एक युक्तिवाद करतात: मी दिलें नाहीं तर शेजारचा देईल, मग गिऱ्हाईक गमावण्यांत पुण्य तें काय? हा युक्तिवाद लांच घेणाऱ्यापासून भेसळ करणाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं असतो, एवढेंच त्याचें मोल ठरविण्यास पुरें आहे. शेजाऱ्याच्या कृत्याची जबाबदारी शेजाऱ्यावर. आपल्या हातून काय गेलें याची आपल्यावर. शिवाय जो विचारपूस करतो त्याच्याकडे गांव आज रागानें पाहील, पण घरांत खरी अडीअडचण आली म्हणजे त्याचीच पायरी चढेल, असा अनुभव आहे.

दुसरा मार्ग पालकाचा किंवा सुधारकाचा. विटाळाची चाल रानटी आहे. देवीला स्त्रीच्या देहधर्माचा बाध होतो ही कल्पना खोटी आहे. म्हणून या कामासाठीं मी गोळी देणार नाहीं, असें एखादा तरुण फार्मासिस्ट म्हणेल. त्याच्या मताशीं आम्ही सहमत आहों. एखाद्या चालीच्या सोयीसाठीं निरोगी बाईच्या पोटांत औषध घालावयाचें, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असाच प्रकार आहे. परंतु मत बरोबर असलें म्हणून तें काउंटरावरून लादण्याचा अधिकार मिळतो काय? आज सुधारक नाहीं म्हणतो. उद्यां सनातनी दुसऱ्या गोळीला नाहीं म्हणेल. संततिनियमन हें पाप आहे असें मानणारे लोक आपल्याकडे थोडे नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें, तेव्हां त्यांना नोकरीस मुकावें लागलें व कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्या काळच्या प्रत्येक औषधवाल्यानें आपल्या सदसद्विवेकाला कौल लावला असता, तर कर्व्यांचा सल्ला घेऊन निघालेल्या बाईला मुंबईभर एकही दुकान उघडें सांपडलें नसतें. ज्याच्या हातांत एकाच गांवचें एकच दुकान आहे, त्याचा सदसद्विवेक हा पाहतां पाहतां गांवाचा कायदा होतो; आणि न निवडलेल्या माणसानें केलेला कायदा कितीही सद्धेतूचा असला तरी जुलूमच.

नकार हा नेहमीं सदसद्विवेकानेंच दिला जातो असेंही नाहीं. पुष्कळदां तो भीतीनें दिला जातो. मिफेप्रिस्टोन हें औषध वर सांगितलेल्या गोळीच्या नेमकें उलट काम करतें: तें प्रोजेस्टेरोनची वाट अडवतें आणि त्यामुळें लहान दिवसांचा गर्भ पडतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं भारतांत २००२ पासून त्याला परवानगी आहे. २०१२ च्या सुमारास स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणांनीं महाराष्ट्र हादरला, औषध प्रशासनानें या गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली, आणि पुष्कळ दुकानदारांनीं तपासणीची कटकट नको म्हणून त्या ठेवणेंच सोडून दिलें. वास्तविक या गोळ्या सुमारें नऊ आठवड्यांपर्यंतच वापरावयाच्या. सोनोग्राफीनें मुलगा कीं मुलगी हें कळतें तें त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं. म्हणजे जें पाप टाळावयाचें त्याच्याशीं या गोळ्यांचा संबंध थोडा, आणि जिच्याजवळ रीतसर चिठ्ठी आहे तिची वणवण मात्र मोठी. न देणें म्हणजे कांहींच न करणें, असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें. नकार हीदेखील एक कृति आहे, व तिचेंही फळ कोणाला तरी भोगावें लागतें.

तिसरा मार्ग चिठ्ठीचा. चिठ्ठी असेल तर द्यावें, नसेल तर देऊं नये. विचार करण्याचें काम डॉक्टरांचें. हा मार्ग पहिल्या दोहोंपेक्षां चांगला आहे, आणि चिठ्ठीची अट आम्ही मुळींच सैल करूं इच्छीत नाहीं. परंतु चिठ्ठी आवश्यक असली तरी ती पुरेशी नसते. नवऱ्यानें किंवा सासूनें दवाखान्यांत जाऊन बाईला न नेतां चिठ्ठी आणली असेल. मागच्या सालची चिठ्ठी या साली पुढें केली असेल. मग गुठळीचा, यकृताचा, गर्भाचा प्रश्न कोणी कोणाला विचारला? डॉक्टरांच्या लेखणीपासून रोग्याच्या ओठांपर्यंतच्या वाटेवर औषधवाला हा शेवटचा माणूस आहे; त्याच्यानंतर फक्त पाण्याचा पेला असतो. त्यानें चिठ्ठीतलें औषध आपल्या मर्जीनें बदलूं नये, हें कायदा सांगतो. पण शंका आली तर डॉक्टरांना फोन करून विचारूं नये, असें कोणताही कायदा सांगत नाहीं.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे. खेड्यांत ‘चिठ्ठी आणा’ हे दोन शब्द उच्चारणें सोपें, पाळणें कठीण. मजुरी बुडवून, एस.टी.ची वाट पाहून, तालुक्याला जाऊन येण्यांत दिवस जातो. म्हणून चिठ्ठीचा आग्रह हा गरिबाच्या बाबतींत नकाराचेंच दुसरें नांव ठरतो. हें खरें आहे. परंतु त्यावर उपाय औषधवाल्यानें डॉक्टर होणें हा नव्हे. जवळच्या सरकारी दवाखान्यांत कोणत्या वेळीं कोण भेटेल, सोबत कोणती माहिती न्यावी, पूर्वीं काय त्रास झाला तो कसा सांगावा, हें त्यानें नीट सांगितलें, तर त्याच्या नकाराला निदान एक वाट फुटते. वाट न दाखवितां दार लावणें हें कर्तव्य नव्हे. ती कर्तव्याची पळवाट आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या तिन्ही मार्गांत एक गोष्ट विसरली जाते: औषध कोणाच्या पोटांत जावयाचें आहे? पैसे सासूचे असतील, बोलणें सासूचें असेल, देव साऱ्या घराचा असेल. परंतु शरीर सुनेचें आहे. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें दिल्लीच्या एका खटल्यांत हाच प्रश्न आला होता. तपासणीसाठीं भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचें गर्भाशय व बीजकोश डॉक्टरांनीं तिच्या आईची संमति घेऊन काढले. न्यायालयानें सांगितलें कीं, रुग्ण स्वतः सज्ञान व समर्थ असतां, आणि जिवावरची निकड नसतां, आईची संमति ही संमति नव्हे. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारावयास हवें होतें. पोटच्या मुलीबद्दल जन्मदात्या आईला जो अधिकार नाहीं, तो सुनेबद्दल सासूला कोठून असणार? तेव्हां आमच्या काल्पनिक प्रसंगांत रोगी एकच आहे. बाकीच्या दोघी साक्षीदार आहेत. रोग्यांत मतभेद झाला असें आपल्याला वाटतें, तेव्हां पुष्कळदां खरा रोगी कोण हेंच आपण ठरविलेलें नसतें.

सुनेनें स्पष्ट नाहीं म्हटलें तर प्रश्न मिटला. पण ती गप्प राहिली तर? किंवा घरच्या धाकानें हो म्हणाली तर? अवघड जागा हीच आहे. औषधवाला घरचा न्यायाधीश नव्हे. ‘सासू तुम्हांला जबरदस्ती करते काय’ असें त्यानें चारचौघांत विचारलें, तर संध्याकाळीं त्या प्रश्नाचें उत्तर सुनेला घरीं द्यावें लागेल. परंतु एक गोष्ट त्याच्या हातीं आहे. ज्या प्रश्नांचीं उत्तरें औषधशास्त्रालाच हवीं आहेत, ते प्रश्न त्यानें थेट तिलाच, बाजूला घेऊन, हलक्या आवाजांत विचारावे: पाळीची तारीख कोणती, दिवस गेल्याची शंका आहे काय, पायाला कधीं सूज आली होती काय, दुसरें औषध चालू आहे काय, आणि शेवटीं, ही गोळी तुम्हांला घ्यावयाची आहे काय. या प्रश्नांत घरावर आरोप नाहीं. पण बोलावयाचें असेल तर तेवढी फट त्यांत आहे.

एवढें करूनही ती हो म्हणाली, चिठ्ठी रीतसर असली व शरीराला धोका दिसत नसला, तर गोळी द्यावी. तिचा हो पूर्ण मोकळा नसेल. पण आपल्यापैकीं कोणाचा असतो? तिला सणांत वेगळें बसण्यापेक्षां चार दिवसांची मळमळ पत्करलेली बरी वाटत असेल. तिला पंढरपूरला जावयाचें असेल, बहिणीच्या लग्नांत मिरवावयाचें असेल. तिच्याच भल्यासाठीं तिचा शब्द खोटा मानणें, म्हणजे सासू जें करते तेंच निराळ्या भाषेंत करणें होय.

आणि ती हळूच नाहीं म्हणाली, तर तो नकार तिच्या नांवावर घालूं नये. चिठ्ठी नसल्यास ‘चिठ्ठीशिवाय देतां येत नाहीं’ हें सांगावें. असल्यास, ‘मागच्या वेळीं त्रास झाला आहे, तेव्हां डॉक्टरांना पुन्हां विचारल्यावांचून द्यावयाचें नाहीं’ हें सांगावें. ही लबाडी नव्हे काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं दोन्ही कारणें खरीं आहेत. त्यानें असत्य कांहीं सांगितलें नाहीं, फक्त दुसऱ्याचें गुपित राखलें. सत्य बोलण्याचें बंधन सर्वांवर आहे; पण एकीनें विश्वासानें सांगितलेलें सत्य दुसरीला देण्याचें बंधन कोणावरही नाहीं.

राहिली ती तिसरी बाई, ‘मला कांहीं झालें नाहीं’ म्हणणारी. तिचा अनुभव खरा आहे, आणि ज्या बाईला गुठळी झाली तिचाही खरा आहे. अनुभव खरे असूनही त्यांवरून निघणारा निष्कर्ष खोटा असूं शकतो, हें दाखविणारें मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें. पाळी गेलेल्या १६,६०८ स्त्रियांवर दोन संप्रेरकांच्या मिश्र गोळीचा प्रयोग चालू होता. २००२ सालीं तो मध्येंच थांबविण्यांत आला, कारण स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण शेंकडा २६ नें वाढलेलें दिसलें. हा आंकडा ऐकून जगभर असंख्य स्त्रियांनीं गोळ्या टाकून दिल्या. पण तोच आंकडा दुसऱ्या रीतीनें असा मांडतां येतो कीं, दहा हजार स्त्रियांत वर्षाला जेथें ३० जणींना हा रोग होई तेथें ३८ जणींना झाला. आणि खुब्याचें हाड मोडण्याचे प्रकार त्याच दहा हजारांत पांचांनीं कमी झाले. शिवाय त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रीचा हिशेब निराळा निघतो, हें पुढें दिसून आलें. एक आंकडा सांगून भीति घालतां येते, दुसरा सांगून निश्चिंत करतां येतें. दोन्ही सांगितल्यावांचून विचार करतां येत नाहीं. औषधवाल्याचें कर्तव्य दोन्ही सांगण्याचें आहे.

भीतीचें नुकसान आपल्या घराजवळही आहे. २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. अशा शस्त्रक्रियेंत ज्या तरुण स्त्रीचे बीजकोशही गेले, तिचा इस्ट्रोजेनचा झरा अवेळीं आटतो. हाडें ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि कांहीं अडचण नसल्यास पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकें बाहेरून घेणें तिला हितकारक असतें. अशी बाई चिठ्ठी घेऊन आली, आणि शेजारणीनें ऐकविलेल्या कर्करोगाच्या भीतीला दुकानदारानेंही मान डोलाविली, तर तिची दुसऱ्यांदां फसगत होईल. एकीच्या बाबतींत सावध करणें हा धर्म, तर दुसरीच्या बाबतींत धीर देणें हाच धर्म.

यावरून आम्ही जो निष्कर्ष काढतों तो असा. औषधविक्रेता हा मतांचा न्यायाधीश नव्हे. तो शरीराचा राखणदार आहे, आणि तेंही दुसऱ्याच्या शरीराचा, म्हणून त्याची सत्ता मर्यादित आहे. नकार द्यावयाचा तो शरीराच्या धोक्यावरून किंवा कायद्यावरून द्यावा, स्वतःच्या आवडीनिवडीवरून नव्हे. विचारावयाचें तें जिच्या पोटांत औषध जाणार तिलाच. सांगावयाचें तें पुरतें सांगावें, आणि ऐकलेलें आपल्यापाशींच ठेवावें.

हा धर्म एकट्या औषधवाल्याच्या बळावर चालणार नाहीं, हेंही उघड आहे. ज्या दुकानांत काउंटरावर दहा माणसें ओठंगून उभीं असतात तेथें हलक्या आवाजाला जागा नाहीं. एक आडोसा, एक बांक, एवढी सोय दुकानदार सहज करूं शकेल. जेथें दवाखान्यांत डॉक्टर वेळेवर भेटतो तेथेंच चिठ्ठीच्या अटीला अर्थ राहतो; ती सोय सरकारनें केली पाहिजे. आणि महालक्ष्म्यांच्या दिवशीं जिला वेगळें बसवावयाचें कीं पंक्तीला घ्यावयाचें, हा निर्णय तर कोणत्याही गोळीचा नव्हे; तो घरचा आहे. त्या घरानें तो नीट केला, तर केनवडच्या फार्मासिस्टपुढचा अर्धा पेंच दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच सुटेल. उरलेला अर्धा सोडविण्याची जबाबदारी मात्र त्याची आहे, आणि ती त्यानें शेजारच्या दुकानावर ढकलूं नये.